खोट किती ठेवायची

गेल्या श्रावणात एक गृहस्थ आमच्या चाळीचा जिना चढत होते आणि दर पायरीला त्यांच्या हातातली पेटी आतून छन्न करत होती. पहिल्या मजल्यापर्यंत छन्न छन्न, मग जरा दम, पुन्हा छन्न. मी तिसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून ऐकत होते. पेटी दिसायच्या आधीच निम्मं निदान झालं होतं: आत स्प्रिंगांचा रिव्हर्ब आहे, आणि स्प्रिंगा तुटलेल्या नाहीत.

"वीस किलो तरी असेल, ताई." त्यांनी पेटी खाली ठेवून घाम पुसला. "वाजते, पण कोरडी वाजते. खालून गुंई येते ती वेगळीच. आणि गिटार हातात घेऊन माइकवर गायला गेलं की ओठांना चटका बसतो."

कोरडी. गिटारवाले रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं रेंगाळणं, नसलेल्या आवाजाला कोरडा म्हणतात आणि रिव्हर्ब असलेल्याला ओला. नुसता भात पुढ्यात आला, कालवणच नाही, की घास जसा घशाशी अडतो तसं त्यांचं होतं.

पेटी होती फेंडर कंपनीचा डीलक्स रिव्हर्ब, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर. गृहस्थ वांद्र्याचे. वडील जहाजावर नोकरीला होते, त्यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात तो जुना विकत घेऊन केबिनमधून घरी आणला. बापलेक दोघंही त्यावर लग्नं, नाताळ, थर्टीफर्स्ट वाजवत आले.

ठाकूरद्वारला माझ्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, तेही गेले. दुकान गेलं, पण बाबांचा बाक, वीज हळूहळू चढवायचा डिमरस्टॅट आणि बिस्किटांच्या तीन डब्यांत कापसावर निजवलेले व्हॉल्व्ह माझ्याकडे आले. त्यातले बरेचसे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. एके काळी घराघरातल्या रेडिओंना हेच लागायचे. त्यातला ईसीसी८३ आणि अमेरिकनांचा १२एएक्स७ हा एकच व्हॉल्व्ह, फक्त बारशाचं नाव वेगळं. म्हणून कॅलिफोर्नियाचा ॲम्प गिरगावात दुरुस्त होतो. कुणी विचारलं तर मी सांगते, हा आमचा मर्फी रेडिओच आहे, फक्त घोगरा आणि तापट.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आता तिशीतल्यांनाही सांगावं लागतं. काचेची कुपी, आत हवा नाही. मधोमध एक नळी, ती तापवून लाल केली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. भोवती धातूचा पत्रा, त्याला जबरदस्त व्होल्टेज दिलेलं, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. या दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी. गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल त्या जाळीवर सोडायचा. जाळीवरचं व्होल्टेज केसभर हललं तरी पत्र्याकडे जाणारा लोंढा मोठ्या प्रमाणात कमीजास्त होतो. मुंगीने बोट उचललं की हत्ती उठून बसावा, असं ते काम. ही जाळी १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने घातली आणि रेडिओ, टेलिफोन, सिनेमाचा आवाज, सगळं तिच्यातून आलं. डीलक्स रिव्हर्बमध्ये असे नऊ व्हॉल्व्ह असतात, आणि एवढा खटाटोप करून आवाज मिळतो बावीस वॉट. गणपतीच्या मंडपातला पोऱ्या हसेल. हसू दे.

गंमत अशी, की ज्याने ही पेटी बनवली त्याला हिच्यातून आज निघणारा आवाज नकोच होता. लिओ फेंडर शिकलेला हिशेबनीस. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, म्हणजे आमच्याच जातीचा. दुरुस्तीला येणारे वादक तक्रारी सांगायचे, त्यावरून तो ॲम्प आणि पुढे गिटारी बनवायला लागला. स्वतः गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. त्याला हवा होता स्वच्छ, मोठा, न फाटणारा आवाज. दर दोन-चार वर्षांनी सर्किट बदलून तो आवाज आणखी निर्मळ करत गेला. आणि वादक काय करायचे? बटण शेवटपर्यंत पिळायचे. व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर सिग्नल गेला की आवाज फाटतो, पण कात्रीने कापल्यासारखा नाही. कडा वाकतात, गोल होतात, मूळ स्वराभोवती त्याचेच वरचे स्वर उगवतात. लिओच्या लेखी तो बिघाड होता. वादकांच्या लेखी तेच गाणं.

माझं आजोळ मिरजेचं, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकवली तर 'टंग' असा सरळ, मुका आवाज येतो. घोडी किंचित उतरती घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून तार घोडीवर जरा घासू दिली, की जवारी खुलते आणि एका तारेतून दहा स्वर झिरपतात. अभियंत्याला विचाराल तर तार घोडीला लागतेय, हा दोष आहे. मिरजेच्या कारागिराला विचाराल तर तो दिवसभर तोच दोष जुळवत बसलेला असतो.

ॲम्पच्या बाबतीत मात्र हे मला एका चुकीने कळलं. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याचा एक विद्यार्थी प्रिन्स्टन रिव्हर्ब घेऊन आला होता. डीलक्सचं धाकटं भावंड, दहा इंची स्पीकर, सत्तरच्या दशकातला. त्यातला रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा ५यू४ व्हॉल्व्ह थकला होता. नवा मिळेना. मी विचार केला, एवढी भट्टी हवी कशाला, चार रुपयांचे डायोड तेच काम करतात. बसवले. व्होल्टेज वाढलं, गर्मी कमी झाली, आवाज खणखणीत. मी खूश. आठ दिवसांनी तो परत. "आधी जोरात छेडलं की आवाज जरा बसायचा आणि मग फुगून वर यायचा. आता दगडावर बोट आपटल्यासारखं वाटतं." त्याचं खरं होतं. जोराची छेड आली की ॲम्प एकदम जास्त करंट मागतो, तो पुरवताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह दमतो, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि सावरतं. त्या दमण्याला वादकाची बोटं सरावलेली असतात. मी दमणंच काढून टाकलं होतं. डायोड उपसले, महिनाभर हिंडून ५यू४ मिळवला. पैसे घेतले नाहीत. बाबा तेव्हा होते, म्हणाले, "शिकवणीची फी खरं तर तू त्याला द्यायला हवीस."

तेव्हापासून अशी पेटी उघडली की आधी हेच ठरवावं लागतं: कोणता बिघाड काढायचा आणि कोणता हात न लावता सोडायचा.

वांद्र्याची पेटी उघडली. मागची फळी, मग वरचे चार स्क्रू, चेसिस खाली सरकून हातात येतं. आत कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते, कुठला व्हॉल्व्ह कुठे ते सांगणारी. तिच्यावर दोन अक्षरांचा रबरी शिक्का: पीई. पहिलं अक्षर सालाचं. ए म्हणजे १९५१, तिथून बोटं मोजत पीपर्यंत आलं की १९६६. दुसरं महिन्याचं. ई म्हणजे मे. म्हणजे लिओने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली त्याच्या पुढच्या वर्षीचा हा ॲम्प.

चेसिसमध्ये पहिली गोष्ट करायची ती वीज काढून घेण्याची. प्लग उपसला म्हणजे वीज गेली असं समजणारे या धंद्यात टिकत नाहीत. ६व्ही६ व्हॉल्व्हच्या पत्र्यांवर या सर्किटात सव्वाचारशेच्या आसपास व्होल्ट असतात. व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी छापलेल्या मर्यादेच्या ते बरेच वर आहेत, लिओने खुशाल दिले आणि त्या काळच्या व्हॉल्व्हनी सोसले. कंडेन्सरमध्ये ती वीज प्लग काढल्यावरही दबा धरून बसते. बाबांची सक्त ताकीद: एक हात आत, दुसरा कमरेवर. दोन्ही हात आत घातलेस तर करंट छातीतून जाईल.

ओठांच्या चटक्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं. त्या काळी अमेरिकेत दोन पिनांचा प्लग. अर्थिंग नाही, म्हणून गुंई कमी करायला विजेच्या एका तारेपासून चेसिसपर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला असायचा आणि मागे एक खटका, प्लग उलटा लागला तर तार बदलायला. तो कंडेन्सर आतून शॉर्ट झाला की फेज सरळ चेसिसवर, चेसिसवरून गिटारच्या तारांवर, आणि तारांना हात लावून अर्थ असलेल्या माइकला ओठ टेकले की वादकच सर्किट पूर्ण करतो. त्या कंडेन्सरचं दुकानातलं नाव 'मरणाचा कंडेन्सर', आणि ते नाव अतिशयोक्तीचं नाही. आपल्याकडे त्यात भर म्हणजे स्टेपडाऊन. २३० चे ११० करणारे बाजारातले बरेचसे स्वस्त स्टेपडाऊन एकाच वेटोळ्याचे असतात, व्होल्टेज कमी करतात पण घरच्या विजेपासून तोडत नाहीत. जिथे फेज आणि न्यूट्रल उलटे झाले तिथे ॲम्पची 'थंड' बाजू २३० वर बसलेली. इथे तर पूर्वीच्या कुणा कारागिराने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून ठेवली होती. मी मरणाचा कंडेन्सर कापला, तीन पिनांची वायर घातली, चेसिसला नीट अर्थ दिला, फ्यूज जागेवर बसवला आणि वेगळ्या वेटोळ्यांचा स्टेपडाऊन आणायला सांगितलं. इथे परंपरा, अस्सलपणा वगैरे मी ऐकून घेत नाही.

हिंदुस्थानात या पेट्यांचा आणखी एक छुपा त्रास आहे. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आंदोलनांची, आपली ५०. ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या लोखंडावर वीस टक्के जास्त चुंबकत्वाचा भार पडतो, तो तापतो. त्यात गिरगावात रात्री वीज २४० ला चढते, मग २२०-११० चा स्टेपडाऊन १२० देतो. म्हणून मी ११० च्या वर जाऊ देत नाही आणि अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून बघते. हात ठेवून मनात दहा मोजता आले तर ठीक.

गुंईचा दोष मोठ्या फिल्टर कंडेन्सरांचा. चेसिसच्या वर पत्र्याच्या झाकणाखाली पाच, प्रत्येकी सोळा मायक्रोफॅरडचे. आतलं रसायन वाळतं, अन्नासारखीच त्यांनाही मुदत असते. पाचही बदलले. झाकण पुन्हा लावताना चेसिसच्या कोपऱ्यात नजर गेली. मास्किंग टेपचा पिवळा पडलेला तुकडा, त्यावर शाईने एका बाईचं पहिलं नाव. फुलर्टनच्या कारखान्यात हे जोडकाम बायकाच करायच्या, त्यातल्या बऱ्याच मेक्सिकन घरांतल्या. ज्या बाईने पेटी जोडली तिचं नाव अशा टेपवर असायचं. तिचं सोल्डर साठ वर्षांनीही चकचकीत होतं. एकही सुका सांधा नाही. नाव इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी बाकावर आम्ही दोघी होतो.

आता कोरडेपणाकडे.

विजापूरच्या गोलघुमटात हाक मारली की शब्द सुटा सुटा परत येतो, तो प्रतिध्वनी. देवळाच्या गाभाऱ्यात ओम म्हटला की सुटं काही ऐकू येत नाही, आवाज दगडांवरून उलटसुलट फिरत नुसता रेंगाळतो. तो रिव्हर्ब. हा गाभारा पेटीत कसा घालायचा, हा प्रश्न गिटारवाल्यांच्या आधी पडला तो लॉरेन्स हॅमंडला. १९३५ पासून तो विजेवर चालणारे ऑर्गन विकत होता. ऑर्गन म्हणजे चर्चचं वाद्य, ते गालिचे आणि पडदे असलेल्या दिवाणखान्यात वाजवलं की आवाज भिंतीतच जिरायचा. त्याने टेलिफोनवाल्यांची युक्ती उचलली. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या तारेत आवाजाला होणारा उशीर टेबलावर घडवून बघायला स्प्रिंगा वापरायचे. हॅमंडचा पहिला नमुना म्हणजे चारेक फूट उंच, तेलाच्या नळ्यांत बुडवलेल्या स्प्रिंगा. हलवायला गेलं की तेल सांडायचं. १९६० च्या सुमारास त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी तेल टाकून दिलं आणि स्प्रिंगा सतरा इंची पत्र्याच्या ट्रेमध्ये आणल्या. फेंडरने तो ट्रे हॅमंडकडूनच घेतला: १९६१ मध्ये वेगळ्या पेटीत, १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्ब नावाच्या ॲम्पच्या पोटात, मग डीलक्स, ट्विन, सुपर सगळ्यांत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर घसरणाऱ्या पोरांचं सर्फ संगीत याच स्प्रिंगांत ओलं झालं.

ट्रे पेटीच्या तळाशी, रेक्झिनच्या पिशवीत. मी तो काढून उलटा केला, बाकावर दिव्याखाली धरला. आत ॲल्युमिनियमची पन्हळ चार बारीक स्प्रिंगांवर टांगलेली, पाळण्यासारखी, म्हणजे पेटीचे धक्के लागू नयेत. पन्हळीत दोन लांब स्प्रिंगा शेजारी शेजारी. दोन्हींच्या दोन्ही टोकांना तांदळाच्या कणीएवढं चुंबक. एका बाजूला कॉइल. ॲम्पमधला एक १२एटी७ व्हॉल्व्ह एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत गिटारचा सिग्नल या कॉइलमध्ये ढकलतो, चुंबकाची कणी इवलीशी डावी-उजवी पिळते. तो पीळ स्प्रिंगेतून पलीकडे जातो. हो, पीळ. स्प्रिंग लांब-आखूड होत नाही, पिळली जाते. ओला टॉवेल एका टोकाला पिळला की पीळ दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो तसं. पलीकडची कणी पिळली की तिथल्या कॉइलमध्ये वीज उमटते, दुसरा व्हॉल्व्ह ती उचलून मूळ आवाजात मिसळतो. उरलेला पीळ टोकाला आपटून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, विरत विरत दोन-तीन सेकंद.

एका खेपेला लागणारा वेळ एका स्प्रिंगेत साधारण ३३ मिलीसेकंद, दुसरीत ४१. मुद्दाम वेगळा ठेवलेला, म्हणजे दोन्हींचे हेलकावे एकमेकांवर बसत नाहीत. मधला आकडा ३७ धरू. तेवढ्या वेळात आवाज हवेतून बारा-तेरा मीटर जातो. म्हणजे दीड फुटाच्या आतल्या त्या स्प्रिंगेत, सहा मीटर लांबच्या भिंतीवर आपटून परत येण्याएवढं अंतर गुंडाळून ठेवलंय. अर्थात खरी खोली काही अशी वाजत नाही. स्प्रिंगेत वेगवेगळ्या उंचीचे स्वर वेगवेगळ्या वेगाने धावतात, त्यामुळे 'टक' म्हणून आत गेलेला आवाज 'च्यूंव' होऊन बाहेर येतो. विहिरीत थेंब पडल्यासारखा. कुठल्याच गाभाऱ्यात, कुठल्याच दिवाणखान्यात हा आवाज नाही. खोलीची नक्कल करायला निघालेली वस्तू नक्कल जमली नाही म्हणून साठ वर्षं टिकली. आता तर संगणकावर याची हुबेहूब नक्कल करतात, न जमलेल्या नकलेची जमलेली नक्कल.

मल्टिमीटर लावला. बाहेरच्या बाजूची कॉइल दोनशे ओहम, म्हणजे जिवंत. आतल्या बाजूची एक ओहमच्या आत हवी. काटा हललाच नाही. कॉइल मेली की तिच्याकडे जाणारी तार? भिंग डोळ्याला लावलं. सॉकेटपासून कॉइलपर्यंत केसाएवढी तार असते आणि पन्हळ पाळण्यासारखी हलत राहते, त्या हलण्याने तार सॉकेटच्या मुळाशीच तुटली होती. पन्नास वर्षं जहाज, टेम्पो, रिक्षा. कॉइल शाबूत.

नवा ट्रे मिळतो, कोरियाहून येतो, चांगला असतो. गृहस्थांनी फोनवर विचारलंही. मी म्हटलं, चार दिवस द्या. जुन्या हेडफोनची वायर सोलून त्यातला एक धागा काढला. त्यावरचं लाखेचं आवरण दाढीच्या पात्याने खरवडलं, दोन्ही टोकांना आधी कथील चढवलं. मग श्वास रोखून दोन सांधे, प्रत्येकी एक सेकंद. जास्त टेकवलं की कॉइलकडची मूळ तार वितळून जाते. मधे धाग्याला वेणीच्या बटेसारखी ढील ठेवली, म्हणजे पाळणा हलला तरी ओढ बसणार नाही. कारखान्यात ढील कमी पडली होती एवढंच. काटा: ०.८. मी उठून एक कप चहा केला.

या ट्रेंवरून आठवलं. एका दुसऱ्या ॲम्पच्या ट्रेवर मी छापील चिठ्ठी पाहिली होती: विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावच्या सुंदर मुलींनी नियंत्रित हवेत बनवलेला. तेव्हाच्या जाहिरातबाजांना यात गंमत वाटली असेल. मला त्या मुलींच्या हातातला चिमटा दिसला.

मग उरलेलं. डिमरस्टॅटवरून वीज हळूहळू चढवली, आधी सिरीज बोर्डवर शंभराचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटला, मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. रिव्हर्बचं बटण तीनवर ठेवलं, बोटाच्या पेराने ट्रेवर टिचकी मारली. विहीर बोलली.

एक रेझिस्टर खरखरत होता, बदलला. बाकीचे कार्बनचे रेझिस्टर मोजले तर काही छापील किमतीपेक्षा दहा-पंधरा टक्के वर चढलेले. एखादा शहाणा ते सगळे उपसून नवे घालेल आणि बिल मोठं करेल. आवाज करत नव्हते, राहू दिले. निळे कपलिंग कंडेन्सर, मूळचे, गळत नव्हते, राहू दिले. ऑक्सफर्डचा मूळ स्पीकर दमदार नाही, वरच्या पट्टीत जरा कुरकुरतो. बापाचा आवाज लेकाने त्याच कुरकुरीसकट ऐकलाय, त्याला मी कोण हात लावणारी. ट्रेमोलो चालू केला की तालावर बारीक टिक टिक येते, ती निऑनच्या छोट्या बल्बची. आत एक निऑन लुकलुकतो आणि त्याच्या उजेडावर एक रेझिस्टर कमीजास्त होतो, त्याने आवाज लाटांसारखा हलतो. (पॅनेलवर याला व्हायब्रॅटो म्हटलंय, ते चूक. स्वर हलत नाही, फक्त जोर हलतो. आणि फेंडरच्याच गिटारवर स्वर हलवणाऱ्या दांड्याला ट्रेमोलो म्हणतात, तेही चूक. दोन्ही चुका इतक्या जुन्या आहेत की आता दुरुस्त करणाराच चुकीचा ठरेल.) टिकटिक मी तारा जरा दूर सारून निम्मी केली. पूर्ण गेली नाही.

पहिल्या सॉकेटातला १२एएक्स७ मात्र टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा, म्हणजे आतली जाळी सैल. बाजारात आज रशियातले, स्लोव्हाकियातले, चीनमधले नवे मिळतात. मी बाबांचा डबा उघडला. कापसातून एक बंगळुरूचा ईसीसी८३ उचलला, पिना खडूने घासल्या, बसवला. चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख टाकली.

गृहस्थ गिटार घेऊन आले. खाटेवर बसले, बटणं वडिलांसारखी लावली, तीन, पाच, चार, आणि एक लांब स्वर सोडून हात तारांवरून उचलला. स्वर विहिरीच्या भिंतींवरून खाली खाली जात राहिला. पुन्हा एक. मग एक वॉल्ट्झ, लग्नातला. मी ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून दहा मोजले.

शेवटचा स्वर विरला आणि त्या शांततेत पेटीतून हळूच घुम्म आलं. मग पुन्हा, घुम्म, घुम्म. अगदी तालात.

गृहस्थांचा चेहरा पडला. "ताई, हे काय?"

आमची चाळ लाकडी आहे. वरच्या खोलीत खलबत्त्यात काही कुटलं की फळ्या हलतात, फळ्यांवरून पेटी, पेटीतून पाळणा, पाळण्यातून स्प्रिंगा. पाच वाजले होते.

"वरती आलं कुटतायत," मी म्हटलं. "दोन मिनिटं थांबा, थांबेल."